टेबलावरचा पॉवर सप्लाय सीव्हीतून सीसीत कसा जातो: वापरण्याची, तपासण्याची आणि बांधण्याची रीत

दुरुस्तीच्या किंवा प्रयोगशाळेच्या टेबलावर जो पॉवर सप्लाय असतो, त्याला व्होल्टेजची एक आणि करंटची एक अशा दोन घुंड्या असतात आणि त्यांच्याशेजारी सीव्ही व सीसी असे लिहिलेले दोन लहान दिवे असतात. सीव्ही म्हणजे स्थिर व्होल्टेज आणि सीसी म्हणजे स्थिर करंट. काम नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वाटते की या दोन अवस्थांपैकी एक आपण निवडायची असते, आणि तो निवडीचे बटण शोधू लागतो. असे बटण बहुतेक सप्लायवर नसतेच. आपण फक्त दोन मर्यादा घालून द्यायच्या असतात. त्यांतली कोणती आधी गाठली जाते हे लोड, म्हणजे सप्लायला जोडलेले उपकरण, ठरवतो, आणि जी गाठली जाते तिच्यावर सप्लाय टिकून राहतो. एवढी एक गोष्ट पक्की समजली, तर पुढे सप्लाय वापरणेही सोपे जाते आणि बांधणेही.

एका सरळ हिशेबापासून सुरुवात करू. समजा, व्होल्टेज १२ व्होल्टवर आणि करंटची मर्यादा १ अँपिअरवर ठेवली आहे. व्होल्टेजला करंटने भागले की १२ ओहम येतात आणि हीच सीमारेषा. २४ ओहमचा रेझिस्टर जोडला तर १२ व्होल्टला त्यातून अर्धाच अँपिअर वाहील, करंटची मर्यादा दूरच राहील आणि सीव्हीचा दिवा लागलेला दिसेल. त्याऐवजी ६ ओहमचा रेझिस्टर जोडला तर १२ व्होल्टला २ अँपिअर हवे होतील. ते मिळणार नाहीत, म्हणून सप्लाय स्वतःचे व्होल्टेज ६ व्होल्टपर्यंत खाली आणेल, करंट १ अँपिअरवर थांबेल आणि सीसीचा दिवा लागेल. लोड सीमारेषेपेक्षा जास्त ओहमचा असेल तर सीव्ही, कमी ओहमचा असेल तर सीसी. घुंडी फिरवली की सीमारेषाही सरकते, त्यामुळे लोड तोच असतानाही नुसती करंटची घुंडी मागे घेऊन सप्लायला सीसीत नेता येते.

मर्यादा घालण्याचा क्रम असा ठेवावा. आउटपुटला काहीही न जोडता आधी व्होल्टेज लावावे आणि ते सप्लायच्या मीटरवर विसंबून न राहता चांगल्या मल्टिमीटरने तपासावे. मग व्होल्टेज दोन-तीन व्होल्टपर्यंत उतरवून, करंटची घुंडी पूर्ण मागे नेऊन, दोन्ही टर्मिनल जाड तारेने एकमेकांना जोडावेत आणि करंटची घुंडी हवा तो आकडा दिसेपर्यंत सावकाश पुढे न्यावी. शॉर्ट करण्याची भीती वाटते, पण ज्या सप्लायला खरी सीसी अवस्था आहे त्याला ते काम रोजचेच आहे. तार काढल्यावर व्होल्टेज पुन्हा वर आणावे. काही सप्लायवर आउटपुट बंद ठेवूनच करंटचा आकडा दाखवणारे बटण असते. ते असेल तर शॉर्ट करण्याची गरज उरत नाही.

अवस्थाबदल डोळ्यांनी पाहायचा असेल तर रेझिस्टरपेक्षा गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घ्यावा. पेटल्यावर हा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, पण थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्या फिलामेंटच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. सप्लाय १२ व्होल्टवर आणि २ अँपिअरवर ठेवून बल्ब जोडला की आधी क्षणभर सीसीचा दिवा लागतो, व्होल्टमीटर दीड-दोन व्होल्टवर येतो आणि फिलामेंट मंद तांबूस दिसते. मग फिलामेंट तापत जाते, तसा त्याचा रेझिस्टन्स वाढत जातो, व्होल्टेज वर चढते, बल्ब पिवळा होत होत पांढरा होतो आणि सीसीचा दिवा विझून सीव्हीचा लागतो. मर्यादा २ अँपिअरऐवजी दीड अँपिअरवर आणली तर बल्ब पूर्ण उजळतच नाही आणि सप्लाय सीसीतच राहतो. हा प्रयोग मी शिकणाऱ्या प्रत्येकाकडून करवून घेतो, कारण सीमारेषा ओलांडली जाताना इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कशात दिसत नाही.

आत काय घडते

आत निर्णय घेणारा कोणी नसतो. तिथे दोन एरर अँप्लिफायर, म्हणजे दोन व्होल्टेजमधला फरक पाहून त्यानुसार आपले आउटपुट वरखाली करणारे भाग, असतात. पहिला आउटपुटच्या व्होल्टेजची तुलना व्होल्टेजच्या घुंडीने ठरवलेल्या संदर्भाच्या व्होल्टेजशी करतो. दुसरा शंटवरच्या, म्हणजे करंटच्या वाटेत ठेवलेल्या अगदी लहान रेझिस्टरवरच्या, व्होल्टेजची तुलना करंटच्या घुंडीने ठरवलेल्या संदर्भाशी करतो. शंट ०.१ ओहमचा असेल तर १ अँपिअरला त्यावर ०.१ व्होल्ट दिसतो. पास ट्रान्झिस्टरला, म्हणजे लोडचा सारा करंट ज्यातून जातो त्या ट्रान्झिस्टरला, चालू ठेवणारा करंट वरून, धन पुरवठ्याकडून येणाऱ्या एका पुल-अपमधून, कायम येत असतो, आणि दोन्ही अँप्लिफायर आपापल्या डायोडमधून त्याच बिंदूला जोडलेले असतात. डायोडचे ॲनोड त्या बिंदूकडे आणि कॅथोड अँप्लिफायरकडे. या जोडणीमुळे अँप्लिफायर तो करंट स्वतःकडे खेचून ट्रान्झिस्टर आवळू शकतो, पण स्वतःहून ट्रान्झिस्टर अधिक उघडू शकत नाही.

आता मर्यादेच्या आतल्या अवस्थेत काय होते ते पाहावे. करंट मर्यादेपेक्षा कमी आहे, म्हणून करंटच्या अँप्लिफायरचे आउटपुट वर, पुरवठ्याच्या व्होल्टेजजवळ, जाऊन बसते, त्याचा डायोड उलटा होतो, म्हणजे करंट जाऊ देत नाही, आणि तो अँप्लिफायर नियंत्रणाच्या वर्तुळाबाहेर पडतो. सारा ताबा व्होल्टेजच्या अँप्लिफायरकडे राहतो. लोडचा करंट वाढून शंटवरचे व्होल्टेज संदर्भाला भिडले की करंटचा अँप्लिफायर खाली येतो, त्याचा डायोड चालू होतो आणि तो ट्रान्झिस्टर आवळू लागतो. आउटपुटचे व्होल्टेज घसरते, ते कमी पडते आहे असे पाहून व्होल्टेजचा अँप्लिफायर वर जातो आणि त्याचा डायोड उलटा होतो. दोघांपैकी जो कमी मागतो त्याचे चालते. बदल आपोआप होतो तो एवढ्यामुळेच, आणि म्हणूनच तो परतीच्या दिशेनेही तितक्याच सहजपणे होतो: लोडची करंटची मागणी कमी झाली की कोणतेही बटण न दाबता सप्लाय सीव्हीत परत येतो. शॉर्ट झाल्यावर करंट मर्यादेच्याही खाली पाडणारे संरक्षण, किंवा सप्लाय बंद करून रीसेटची वाट पाहणारे संरक्षण, या गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांना सीसी म्हणू नये.

स्विचिंग सप्लायमध्येही, म्हणजे ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा न ठेवता झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या सप्लायमध्येही, कल्पना तीच राहते, फक्त दिशा उलटते. टीएल४९४ या बऱ्याच जुन्या आणि अजूनही सहज मिळणाऱ्या आयसीत दोन एरर अँप्लिफायर आतच डायोडसारख्या जोडणीने एकत्र केलेले आहेत. तिथे ज्याचे आउटपुट अधिक वर तो पल्स अरुंद करतो, म्हणजे पुन्हा कमी मागणाऱ्याचेच चालते.

स्वतः बांधायचे असेल तर

० ते १५ व्होल्ट आणि ३ अँपिअरपर्यंतचा साधा लिनिअर, म्हणजे ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवून चालणारा, सप्लाय हा शिकण्यासाठी योग्य आवाका आहे. लागणारे सगळे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर लोड नसताना २४ व्होल्ट किंवा थोडे अधिक मिळते, आणि ३ अँपिअरला १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला चढउतार, चार-पाच व्होल्टचा होतो. म्हणून १५ व्होल्टच्या पुढे जाण्याचा हट्ट धरू नये. पास ट्रान्झिस्टर २एन३०५५, त्याला चालवणारा बीडी१३९ आणि अँप्लिफायरसाठी एलएम३२४, ज्याच्या एकाच आयसीत चार अँप्लिफायर असतात. एलएम३२४ची कमाल मर्यादा ३२ व्होल्ट आहे, त्यामुळे रात्री उशिरा घरातले मेन्स २३० च्या वर चढते तेव्हाचे व्होल्टेज आधी मोजून घ्यावे.

पुल-अपचा करंट अंदाजाने ठेवू नये. २एन३०५५चा गेन, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट तो सोडतो ते प्रमाण, मोठ्या करंटला २० पर्यंत खाली येऊ शकतो, म्हणजे ३ अँपिअरसाठी त्याच्या बेसला १५० मिलिअँपिअर हवेत. बीडी१३९चा गेन ४० धरला तर त्याच्या बेसला पावणेचार मिलिअँपिअर लागतात. पुल-अप ६ मिलिअँपिअरचा ठेवला तर दोन्हींची सोय होते: ट्रान्झिस्टरला कमी पडत नाही आणि एलएम३२४ला तो सगळा करंट खेचून घेणेही जड जात नाही. डायोड साधे १एन४१४८ चालतात. आउटपुट खरोखर शून्यावर आणायचे असेल तर मात्र अँप्लिफायरला लहानसा ऋण पुरवठा द्यावा लागतो, कारण एलएम३२४ काही मिलिअँपिअर खेचत असताना त्याचे आउटपुट अगदी शून्यापर्यंत उतरत नाही.

शंट कुठे आणि संदर्भाचा शून्य कुठे, इथे सर्वांत जास्त चुका होतात. शंट ऋण तारेत ठेवल्यावर व्होल्टेजच्या संदर्भाचा शून्य आणि आउटपुटच्या व्होल्टेजचा ठरावीक हिस्सा अँप्लिफायरला देणाऱ्या विभाजकाचे खालचे टोक, ही दोन्ही थेट बाहेरच्या ऋण टर्मिनलला न्यावीत; करंटच्या संदर्भाचा शून्य मात्र शंटच्या दुसऱ्या, रेक्टिफायरकडच्या टोकाला. सगळे शून्य रेक्टिफायरकडे एकत्र बांधले तर ३ अँपिअरला ०.१ ओहमच्या शंटवर पडणारे ०.३ व्होल्ट सरळ आउटपुटमधून वजा होतात आणि सीव्ही अवस्था ढिली पडते. शंटवर ३ अँपिअरला ०.९ वॅट उष्णता निर्माण होते. तिथे ५ वॅटचा रेझिस्टर घ्यावा, कारण तापलेल्या शंटची किंमत सरकली की करंटची मर्यादाही सरकते. एलएम३२४चा इनपुट ऑफसेट, म्हणजे दोन इनपुटांच्या तुलनेतली त्याची उपजत चूक, वाईटात वाईट ७ मिलिव्होल्ट असू शकतो, आणि ०.१ ओहमच्या शंटवर तो ७० मिलिअँपिअरच्या चुकीइतका आहे. २० मिलिअँपिअरची नेमकी मर्यादा या सप्लायकडून मागू नये. ती हवी असेल तर १ ओहमच्या शंटची वेगळी रेंज करावी.

सीसी अवस्थेत उष्णतेचा विचार आधी करावा. आउटपुट शॉर्ट असताना २२-२४ व्होल्ट आणि ३ अँपिअर हे सगळे पास ट्रान्झिस्टरवर पडतात, म्हणजे ७० वॅटच्या आसपास. २एन३०५५ची ११५ वॅटची मर्यादा त्याचे आवरण २५ अंशांवर असतानाची आहे. आवरण १०० अंशांवर गेले की ती ६६ वॅटपर्यंत उतरते. म्हणून दोन ट्रान्झिस्टर समांतर लावावेत, प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहमचा रेझिस्टर द्यावा आणि हीटसिंक मोठा घ्यावा. बीडी१३९लाही शॉर्टमध्ये तीन वॅटच्या वर सोसावे लागतात, तेव्हा त्यालाही लहान हीटसिंक हवाच. बाजारातल्या चांगल्या लिनिअर सप्लायमध्ये व्होल्टेज वाढवताना आतून टक असा रिलेचा आवाज येतो, तो ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलल्याचा, आणि ट्रान्झिस्टरवरचा हाच भार कमी करण्यासाठी.

दिव्यांसाठी वेगळे काही मोजावे लागत नाही. ताबा ज्याच्याकडे आहे त्याचे आउटपुट खाली असते आणि दुसऱ्याचे वर गेलेले असते. एलएम३२४मधल्या उरलेल्या दोनपैकी एका अँप्लिफायरने ही दोन आउटपुट ताडून पाहिली की सीसीचा दिवा मिळतो.

बदलाच्या क्षणी

ज्याच्याकडे ताबा नसतो तो अँप्लिफायर वरच्या टोकाला जाऊन बसलेला असतो, आणि ताबा घ्यायची वेळ येते तेव्हा त्याला तिथून खाली यायला वेळ लागतो. एलएम३२४चा वेग मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट, म्हणजे २० व्होल्ट उतरायला ४० मायक्रोसेकंद. स्थिरतेसाठी लावलेला कपॅसिटर तो वेळ आणखी लांबवतो. शॉर्ट एकदम सुटला की या अवधीत आउटपुटचा कपॅसिटर पूर्ण मर्यादेच्या करंटने भरत राहतो. ३ अँपिअरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४० मायक्रोसेकंदांत १२ व्होल्ट चढतो. ४७० मायक्रोफॅरडचा जेमतेम पाव व्होल्ट. ५ व्होल्टवर लावलेल्या सप्लायने मायक्रोकंट्रोलर जाळण्याची एक वाट हीच आहे, आणि मीटरला ती दिसत नाही. बांधलेल्या सप्लायवर ऑसिलोस्कोप लावून, आउटपुट शॉर्ट करून सोडून, व्होल्टेज किती वर उसळते हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर महागडे बोर्ड लावू नयेत.

मग मोठा कपॅसिटर लावावा असे वाटेल, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. १२ व्होल्टवर भरलेल्या ४७० मायक्रोफॅरडमध्ये ३४ मिलिज्यूल ऊर्जा असते आणि ती शंटच्या पलीकडे साठलेली असल्याने तिला कोणतीही मर्यादा लागू होत नाही. हे मी एक लाल एलईडी गमावून शिकलो. मर्यादा २० मिलिअँपिअरवर नीट लावलेली होती, व्होल्टेज मात्र १२ वरच होते. एलईडीची तार टर्मिनलला टेकवताच तो एकदा लखकन चमकला आणि मेला, आणि सप्लायने आपले काम चोख केलेले होते. तेव्हापासून एलईडी जोडताना मी व्होल्टेज आधी पूर्ण उतरवतो, एलईडी जोडतो आणि मगच व्होल्टेज वर नेतो.

सीसीचा दिवा काय सांगतो

अनोळखी बोर्ड जोडताना करंट अपेक्षेपेक्षा थोडाच वर ठेवावा, आणि सीसीचा दिवा लागला तर मर्यादा वाढवण्याआधी बोर्डवर काय तापते आहे ते बोटाने किंवा थर्मामीटरने शोधावे. मात्र प्रत्येक सीसी म्हणजे शॉर्ट नव्हे. ज्या बोर्डवर स्विचिंग कन्व्हर्टर आहे तो ठरावीक वॅट मागतो: १० वॅटसाठी १२ व्होल्टला ०.८३ अँपिअर पुरतात, पण ८ व्होल्टला सव्वा अँपिअर लागतात. मर्यादा ०.९ वर ठेवली तर सुरू होतानाच सप्लाय सीसीत जातो, व्होल्टेज घसरते, कन्व्हर्टर आणखी करंट मागतो आणि दोघे तिथेच अडकतात. असा बोर्ड निर्दोष असूनही चालू होत नाही. त्याला नेहमीच्या करंटच्या दुप्पट-तिप्पट मर्यादा द्यावी. मीटर अर्धा अँपिअर दाखवत असताना दिवा मधूनमधून लुकलुकत असेल, तर लोड धक्क्याधक्क्याने करंट घेतो आहे आणि मीटर सरासरी दाखवतो आहे असे समजावे.

एक्सएल४०१५सारखी दोन ट्रिमरची, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या दोन लहान घुंड्यांची, तयार मॉड्यूल वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाळावी. त्यांत शंट ऋण तारेत असतो, म्हणून इनपुटचा आणि आउटपुटचा ग्राउंड बाहेरून एकत्र जोडला की सारा करंट शंटला वळसा घालून जातो आणि करंटची मर्यादा चालेनाशी होते. एकाच धातूच्या पेटीत दोन्ही ग्राउंड पेटीला जोडले तरी हेच घडते.

हाच अवस्थाबदल मिनिटामिनिटाने उलगडताना पाहायचा असेल तर लिथियम सेल चार्ज करावा. २६०० मिलिअँपिअर-अवरच्या एका सुस्थितीतल्या १८६५० सेलसाठी व्होल्टेज ४.२० वर मल्टिमीटरने लावावे, त्यात पाच शतांश व्होल्टपेक्षा जास्त चूक चालत नाही, आणि करंट १.३ अँपिअरवर. सेल जोडताच सप्लाय सीसीत जातो, कारण रिकाम्या सेलचे व्होल्टेज खाली असते. ते सावकाश चढत ४.२० ला पोचले की सीव्हीचा दिवा लागतो आणि तिथून करंट हळूहळू उतरू लागतो. तो १३० मिलिअँपिअरवर आला की चार्जिंग थांबवावे. साधा सप्लाय आपणहून थांबत नाही, म्हणून सेल लावून खोलीबाहेर जाऊ नये. अडीच व्होल्टच्या खाली गेलेला सेल या रीतीने चार्ज करू नये. थांबवताना आधी सेलची तार काढावी आणि नंतर सप्लाय बंद करावा, कारण बंद सप्लायला सेल जोडलेला राहिला तर सेलमधून आतल्या विभाजकात आणि मीटरमध्ये उलटा करंट वाहत राहतो आणि सकाळपर्यंत सेल पुन्हा उतरलेला सापडतो.